ध्यास लागलेले प्रेम आणि फ्रेंच सिनेमा : नव्या प्रेक्षकाने कोणत्या वाटेने जावे

एखाद्या व्यक्तीचा ध्यास इतका वाढावा की तिच्याखेरीज बाकीचे जग अंधुक व्हावे, आणि पैसा, अब्रू, नातीगोती, प्रसंगी स्वतःचे नावसुद्धा त्यापायी खर्ची पडावे, अशा प्रेमाच्या कथा प्रत्येक देशाच्या सिनेमात सापडतात. मात्र फ्रेंच दिग्दर्शकांनी हा विषय ज्या सातत्याने आणि ज्या थंड डोक्याने हाताळला आहे, त्याला तोड क्वचितच मिळते. आपल्याकडचा प्रेक्षक या चित्रपटांकडे वळतो तेव्हा त्याची एक अडचण होते. नायिका नकार देत असतानाही तिचा पाठलाग करणारा नायक हिंदी सिनेमाने आपल्याला प्रेमाचा आदर्श म्हणून दाखवलेला आहे, आणि प्रेमापायी स्वतःचा नाश करून घेणाऱ्या देवदासाविषयी आपल्या मनात करुणेबरोबर थोडा आदरही असतो. त्याच सवयीने फ्रेंच चित्रपट पाहिले, तर ते एक तर कोरडे वाटतात किंवा विकृत वाटतात. म्हणून कोणता चित्रपट आधी पाहावा, कोणता मागे ठेवावा आणि पाहताना लक्ष कुठे असावे, याची एक वाट येथे आखून दिली आहे.

वाटेला लागण्यापूर्वी या परंपरेची तीन उगमस्थाने माहीत असलेली बरी. पहिले उगमस्थान साहित्याचे आहे. 1677 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटककार रासीनच्या ‘फेद्र’ या शोकांतिकेत सावत्र मुलावर जीव जडलेल्या राणीचा मनोव्यापार एखादा रोग तपासावा तसा मांडलेला आहे. पुढे 1822 मध्ये कादंबरीकार स्तांदालने प्रेमावरील आपल्या ग्रंथात साल्झबर्गच्या मिठाच्या खाणीचे उदाहरण दिले. पाने झडलेली फांदी खाणीत टाकून दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढली, तर तिच्यावर इतके चकाकते स्फटिक साचलेले असतात की मूळ फांदी ओळखूच येत नाही. प्रेम करणारा मनुष्यही आपल्या प्रिय व्यक्तीवर असेच गुण चढवत जातो, असे त्याचे म्हणणे होते. दुसरे उगमस्थान मनोविकारशास्त्राचे. पॅरिसच्या पोलीस खात्याच्या मनोरुग्ण विभागात काम करणारे डॉक्टर गाएतां द क्लेरांबो यांनी 1921 मध्ये, समोरची व्यक्तीच आपल्यावर प्रेम करते अशा अढळ भ्रमाचे वर्णन केले. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर अनुरक्त आहे असे वाटे, आणि राजवाड्याच्या खिडकीचा पडदा हलला की तो आपल्यासाठी केलेला इशारा आहे असे ती समजे. तिसरे उगमस्थान अतिवास्तववाद्यांचे, म्हणजे तर्कापेक्षा स्वप्न आणि सुप्त मन यांना महत्त्व देणाऱ्या लेखक-कलावंतांचे. कवी आंद्रे ब्रताँ आणि त्याच्या मित्रांनी वेड्या प्रेमाला समाजाविरुद्धचे बंड मानून डोक्यावर घेतले. फ्रेंच सिनेमात साहित्यिकाचा बारकावा, डॉक्टरचा अलिप्तपणा आणि बंडखोराचे कौतुक हे तिन्ही सूर एकमेकांत मिसळलेले असतात. एखाद्या चित्रपटात यांपैकी कोणता सूर वरचढ आहे हे ओळखता आले, की तो निम्मा समजला असे मानायला हरकत नाही.

पूर्वतयारी

हे चित्रपट मूळ फ्रेंच संवादांसह आणि उपशीर्षकांसह पाहावेत. इंग्रजीत ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्त्या टाळाव्यात, कारण या कथांत माणसे जे बोलतात त्यापेक्षा ते कोणत्या आवाजात बोलतात हे जास्त महत्त्वाचे असते. चित्रपट शोधताना नावाचा घोटाळा हमखास होतो. फ्रेंच नावाचा अर्थ ‘सकाळी 37.2 अंश’ असलेला झाँ-जाक बेनेक्सचा 1986 चा चित्रपट जगभर ‘बेटी ब्लू’ या नावाने ओळखला जातो, आणि माक्स ऑफ्युल्सचा ‘मादाम द...’ काही ठिकाणी ‘द इयररिंग्ज ऑफ मादाम द...’ या नावाखाली असतो. म्हणून चित्रपटाच्या नावापेक्षा दिग्दर्शकाचे नाव आणि वर्ष टिपून ठेवावे. मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. मुंबई आणि पुण्यातील आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच भाषा-संस्कृती केंद्रे, पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबईत 1968 पासून काम करणारे प्रभात चित्र मंडळ आणि 2004 पासून गोव्यात भरणारा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवली, तर फ्रेंच चित्रपट अधूनमधून हाती लागतात.

आता पाहताना बरोबर ठेवायचा प्रश्न. या संपूर्ण वाटेवर प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारावा : ज्या व्यक्तीचा ध्यास लागला आहे, ती व्यक्ती पडद्यावर माणूस म्हणून किती आहे? तिला स्वतःची इच्छा, कंटाळा, भीती, नोकरीधंदा आहे का, की ती केवळ दुसऱ्याच्या नजरेत आहे? ‘हे प्रेम खरे की खोटे’ या प्रश्नाने नवा प्रेक्षक लवकर थकतो. उलट प्रिय व्यक्तीच्या असण्या-नसण्याचे माप घेत गेले, की दिग्दर्शकाची भूमिका आपोआप उघड होत जाते. पुढील क्रमही त्याच मापाने लावला आहे, वर्षांच्या क्रमाने नव्हे.

पहिली पायरी : ‘अडेल एच. ची कथा’ (1975)

सुरुवात फ्रान्स्वा त्रुफोच्या या चित्रपटानेच करावी, कारण येथे विषय कोणत्याही उपकथानकाच्या आडोशाशिवाय समोर येतो. कथा खरी आहे. अडेल ही महाकवी व्हिक्टर ह्यूगोची धाकटी मुलगी. ह्यूगो ग्वेर्नसी बेटावर राजकीय हद्दपारीत असताना, 1863 मध्ये ती घरातून निघून एकटीच अटलांटिक ओलांडून कॅनडातील हॅलिफॅक्सला पोचली, कारण पिन्सन नावाचा ब्रिटिश लेफ्टनंट तेथे तैनातीवर होता. काही काळ त्या दोघांचे संबंध होते. आता त्याला ती नको होती. तिच्या सांकेतिक लिपीतील रोजनिशीचा उलगडा अमेरिकी अभ्यासक फ्रान्सेस व्हर्नर गिल यांनी केला आणि त्यावरून त्रुफो, झाँ ग्रुओ व सुझान शिफमान यांनी पटकथा रचली.

चित्रपट पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, पिन्सन. तो देखणा आहे, कर्जबाजारी आहे, बायकांच्या मागे असतो, आणि याहून अधिक काहीही त्याच्याविषयी आपल्याला कळत नाही. हे पटकथेचे दुबळेपण आहे असे प्रथम वाटते. पण दिग्दर्शकाने हा माणूस जाणूनबुजून रिकामा ठेवलेला आहे. अडेलचे प्रेम वाढत जाते तसा तो आणखी लहान होत जातो. दुसरी गोष्ट, कागद. अडेल पुस्तकविक्रेत्याकडून रिमेच्या रिमे कागद विकत घेते, रात्रभर लिहिते, वडिलांना पत्रे पाठवते, लग्न झाल्याची खोटी बातमी घरी कळवते. तिचे प्रेम माणसावर आहे की लिहिण्यावर, अशी शंका आपल्याला येऊ लागते, आणि ज्या घरात बाप म्हणजे शतकातला सर्वांत मोठा लेखक, त्या घरातील मुलीच्या बाबतीत ही शंका क्षुल्लक नाही. स्वतः ह्यूगो पडद्यावर येत नाही. त्याची पत्रे आणि मनीऑर्डरी तेवढ्या येतात. अडेल हॅलिफॅक्समध्ये खोटे नाव लावून राहते, आणि पुस्तकविक्रेता भोळ्या आपुलकीने तिला तिच्याच वडिलांची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी भेट देतो तेव्हा त्याने जणू तिचा मुखवटा ओढला, अशी ती संतापते. हा प्रसंग चुकवू नये. तिसरी गोष्ट, अंधार. छायाचित्रकार नेस्तोर आल्मेन्द्रोस यांनी खोल्या दिव्याच्या मंद उजेडात ठेवल्या आहेत आणि कॅमेरा अडेल साकारणाऱ्या इझाबेल अद्जानीच्या चेहऱ्याजवळून फारसा हलत नाही. हॅलिफॅक्स शहर, तेथील सैन्य, शेजारच्या अमेरिकेत चाललेले यादवी युद्ध, हे सगळे त्या चेहऱ्याच्या कडेला राहते.

एक तपशील मुद्दाम सांगण्याजोगा आहे. खरी अडेल 1830 मध्ये जन्मली, म्हणजे हॅलिफॅक्सला पोचली तेव्हा ती तेहतिशीच्या आसपास होती, आणि अद्जानी चित्रीकरणाच्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होती. या भूमिकेसाठी वयाच्या विसाव्या वर्षी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. वयातील हा फरक त्रुफोने केलेली सर्वांत मोठी तडजोड आहे, असे माझे मत आहे. तेहतीस वर्षांची अविवाहित स्त्री त्या काळात कोणत्या कोंडीत असे, हे या तरुण चेहऱ्यामुळे झाकले जाते. परंतु त्यामुळेच चित्रपटाला एक वेगळी धार येते, कारण इतकी बुद्धी आणि इतके तेज असलेली मुलगी मदतीचा प्रत्येक हात झिडकारत खाली जाताना पाहणे प्रेक्षकाला असह्य होते. संगीत मोरिस झोबेर यांचे आहे. ते 1940 मध्ये युद्धात मारले गेले होते. त्रुफोने त्यांच्या 1930 च्या दशकातील रचना निवडून या चित्रपटासाठी वापरल्या.

शेवटी बार्बाडोसमध्ये, फाटक्या झग्यात रस्त्यावरून चाललेल्या अडेलसमोर पिन्सन स्वतः येऊन उभा राहतो. तेथे काय घडते ते येथे सांगत नाही. वर दिलेल्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर पुढच्या कोणत्याही चित्रपटात मिळणार नाही, एवढे मात्र सांगून ठेवतो. अडेल पुढे मनोरुग्णालयात राहिली आणि 1915 मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, वारली.

दुसरी पायरी : ‘शेजारची बाई’ (1981)

त्रुफोचाच हा चित्रपट लगोलग पाहावा, म्हणजे एकाच दिग्दर्शकाने सहा वर्षांनी बाजू कशी बदलली हे कळते. ग्रनोब्लजवळच्या एका गावात बेर्नार (जेरार देपार्द्यू) बायको-मुलासह राहतो, आणि शेजारचे रिकामे घर भाड्याने घेणाऱ्या जोडप्यातील बायको ही त्याची सात-आठ वर्षांपूर्वीची प्रेयसी मातील्द (फानी आर्दां) निघते. येथे ध्यास दोन्ही बाजूंनी आहे आणि दोघेही पूर्ण माणसे आहेत. प्रत्येकाला घर आहे, काम आहे, जोडीदार आहे, आणि ते जोडीदार वाईटही नाहीत. खलनायक कोणीच नसल्यामुळे दोष टाकायला जागा उरत नाही.

बेर्नारचे काम लक्षपूर्वक पाहावे. तो तळ्यामध्ये मोठ्या तेलवाहू जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींवर कप्तानांना प्रशिक्षण देतो. अवाढव्य वस्तू आवरायची कशी, हे शिकवणे हाच त्याचा पेशा आहे. बागेतल्या मेजवानीच्या प्रसंगात स्वतःला आवरण्याची त्याची शक्ती सर्वांदेखत संपते. कथा सांगणारी आहे मादाम झूव्ह, टेनिस क्लब चालवणारी प्रौढ स्त्री. आरंभीच ती कॅमेऱ्याला मागे सरकायला सांगते, म्हणजे आपण टेनिस खेळणारी नसून पाय अधू झालेली बाई आहोत हे प्रेक्षकाला दिसेल. तिचा पाय का अधू झाला हे नंतर कळते, आणि मग लक्षात येते की ही कथा सांगण्याचा अधिकार गावात फक्त तिलाच होता.

तिसरी पायरी : एकाच कादंबरीवरचे दोन चित्रपट

ध्यास पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, आणि सिनेमा म्हणजे मुळातच पाहणे, म्हणून खिडकीतून पाहणाऱ्या माणसाची कथा सिनेमाला अगदी जवळची आहे. जॉर्ज सिमनाँच्या 1933 मधील एका कादंबरीवर ज्युलियँ द्युविव्हिएने 1946 मध्ये ‘पानीक’ आणि पात्रिस लकाँतने 1989 मध्ये ‘मस्य हीर’ असे दोन चित्रपट काढले. नव्या प्रेक्षकाने आधी 1989 चा पाहावा. तो जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे. हीर (मिशेल ब्लाँ) हा एकलकोंडा, फिकट, नीटनेटका शिंपी रोज रात्री दिवा मालवून समोरच्या घरातील अलीसला (सांद्रीन बॉनेर) पाहतो आणि संगीतकार ब्राम्सच्या पियानो-चौकडीची तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावतो. परिसरात एका तरुणीचा खून झालेला आहे आणि पोलिसांचा संशय साहजिकच या तिरसट माणसावर आहे. एका रात्री वीज चमकते आणि अलीसला समोरच्या अंधारातला चेहरा दिसतो.

येथून पुढे आपल्या प्रश्नाला कलाटणी मिळते. आपल्याला कोणी पाहत आहे हे कळल्यावर अलीस पडदा ओढून घेत नाही, आणि तिच्या या वागण्याचा हेतू दिग्दर्शक बराच वेळ उघड करत नाही. जिच्याकडे नुसते पाहिले जात होते ती आता स्वतः पाहू लागते, हिशेब करू लागते. लकाँतने हीरची कीव करायला लावले आहे खरे, पण एखाद्या बाईकडे चोरून पाहणे हा गुन्हाच आहे, हे तो विसरू देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे हे या पायरीवरचे काम आहे.

त्यानंतर ‘पानीक’ पाहिला की धक्का बसतो, कारण तेथे मिशेल सिमोंने रंगवलेला हीर दाढीधारी, बोलका, विक्षिप्त आहे आणि कथेचा खरा नायक आहे तो जमाव. द्युविव्हिए दुसऱ्या महायुद्धाची वर्षे अमेरिकेत काढून परतला होता. शेजाऱ्यांविरुद्ध निनावी पत्रे लिहिणारा, मग जर्मन ताब्यातून मुक्त झाल्यावर सूड उगवणारा फ्रान्स त्याच्यासमोर होता. जत्रेतल्या एकमेकींवर आदळणाऱ्या छोट्या मोटारींचे दृश्य पाहताना हे संदर्भ ध्यानात ठेवावेत. एकाच मूळ कथेतून एकाने प्रेम घेतले आणि दुसऱ्याने द्वेष.

चौथी पायरी : मत्सर

ध्यासाची उलटी बाजू मत्सराची, आणि तिचा उस्ताद दिग्दर्शक क्लोद शाब्रोल. त्याच्या 1969 मधील ‘बेवफा पत्नी’ची कथा मराठी प्रेक्षकाला वेगळ्या वेषात ठाऊक आहे, कारण तिच्यावरून 2002 मध्ये हॉलिवूडचा ‘अनफेथफुल’ निघाला आणि त्याच्यावरून 2004 मध्ये हिंदी ‘मर्डर’. मूळ चित्रपटात मात्र अंगप्रदर्शन आणि गाणी यांऐवजी शिष्टाचार आहे. नवरा (मिशेल बुके) बायकोच्या प्रियकराच्या घरी जातो, दोघे सभ्यपणे पेय घेत बसतात, संवाद जवळजवळ मैत्रीचा होतो, आणि मग आपण लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला दिलेला मोठा लायटर नवऱ्याला त्या घरात दिसतो. पुढील वीस मिनिटे शाब्रोल एक शब्दही वाया घालवत नाही. खुनानंतर त्या थंडावलेल्या लग्नात पुन्हा प्रेम जागे होते, हे या चित्रपटातले भयंकर आणि खरे निरीक्षण आहे. शेवटच्या दृश्यात कॅमेरा मागे जात असताना भिंग मात्र प्रतिमा जवळ ओढत राहते. नवरा दूर जात आहे आणि जाऊ इच्छित नाही, हे शाब्रोल असे संवादाशिवाय सांगतो.

शाब्रोलचाच 1994 मधील ‘लांफेर’ (म्हणजे नरक) त्यानंतर घ्यावा. त्याचा इतिहास चित्रपटाइतकाच सांगण्यासारखा आहे. मूळ पटकथा दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझोची. 1964 मध्ये त्याने रोमी श्नायडर आणि सर्ज रेज्यानी यांना घेऊन गाराबीच्या प्रचंड रेल्वे पुलाजवळ चित्रीकरण सुरू केले. रोजचे वास्तव कृष्णधवल आणि नवऱ्याच्या मत्सरी कल्पना रंगीत, अशी योजना होती, आणि त्या कल्पनांसाठी क्लुझोने महिनोन्‌महिने प्रकाश-रंगांच्या चाचण्या घेतल्या होत्या. अमेरिकी कंपनीचा पैसा हाताशी होता, त्यामुळे दिग्दर्शकाला थांबवणारे कोणी नव्हते. तो तीच दृश्ये पुन्हा पुन्हा घेत राहिला, रेज्यानी आजारी पडून निघून गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात क्लुझोलाच हृदयविकाराचा झटका आला. चित्रपट तेथेच संपला. ध्यासावरचा चित्रपट दिग्दर्शकाच्या ध्यासाने बुडाला, असे म्हणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि या बाबतीत तो रास्त आहे. सर्ज ब्रोंबेर हा चित्रसंग्राहक पुढे क्लुझोच्या पत्नीबरोबर एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकला आणि त्या गप्पांतून जुन्या चित्रफितींच्या डब्यांचा मार्ग मोकळा झाला; 2009 मध्ये त्याने त्यातील दृश्ये वापरून माहितीपट काढला.

शाब्रोलने तीच पटकथा घेऊन रंगांचे प्रयोग जवळपास टाकूनच दिले. त्याच्या चित्रपटात तळ्याकाठी हॉटेल चालवणारा नवरा (फ्रान्स्वा क्लुझे) सुंदर बायकोवर (एमान्युएल बेआर) संशय घेऊ लागतो, आणि आपण जे पाहतो ते घडते आहे की त्याच्या डोक्यात आहे, याची सीमारेषा हळूहळू पुसली जाते. पाहताना वहीत दोन रकाने करावेत, एकात बायकोचे प्रत्यक्ष वर्तन आणि दुसऱ्यात नवऱ्याने काढलेला अर्थ. अर्ध्यावर आल्यावर पहिला रकाना भरता येईनासा होतो, आणि तो भरता येत नाही हाच चित्रपटाचा आशय आहे. अखेरीस पडद्यावर ‘समाप्त’ऐवजी ‘अंत नाही’ अशी अक्षरे येतात. आधी माहितीपट, मग चित्रपट, हा क्रम अधिक लाभाचा ठरतो.

पाचवी पायरी : मागे वळून

जुन्या चित्रपटांकडे आता वळावे. आधी वळलो असतो तर त्यांची चाल संथ वाटली असती. माक्स ऑफ्युल्सच्या ‘मादाम द...’ (1953) मध्ये एक उच्चभ्रू स्त्री कर्ज फेडण्यासाठी लग्नात नवऱ्याने दिलेली कर्णभूषणे गुपचूप विकते. ती फिरत फिरत कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जातात आणि ज्याच्यावर तिचे मन जडते त्या इटालियन मुत्सद्द्याच्या हातून परत तिच्याकडे येतात. आरंभी ज्या वस्तूची तिला पर्वा नव्हती, तीच वस्तू आता तिला जिवापेक्षा प्यारी होते. वस्तू तीच, मोल मात्र शंभरपट. स्तांदालची खाणीतली फांदी हीच. नृत्याच्या प्रसंगात कित्येक रात्रींचे वॉल्ट्झ एकाच अखंड गिरकीत जोडलेले आहेत, आणि प्रत्येक गिरकीनंतर दोघांमधील संभाषण कमी होत जाते. नायिकेच्या भूमिकेतील दानिएल दार्यूचा अभिनय पाहावाच, पण नवऱ्याच्या भूमिकेतील शार्ल ब्वायेकडे दुर्लक्ष करू नये. बायकोला काय होत आहे हे तिच्याही आधी त्याला कळलेले असते.

मार्सेल कार्नेचा ‘नंदनवनातील मुले’ (1945) येथेच उरकून घ्यावा. तीन तासांहून मोठा आहे, गारांस नावाच्या स्त्रीवर चार पुरुष चार तऱ्हांनी जीव टाकतात, आणि तिला मात्र मोकळे राहायचे आहे.

सहावी पायरी : बुन्युएलची थट्टा

इतका वेळ गांभीर्याने चाललेल्या प्रेक्षकाला लुईस बुन्युएलचा ‘इच्छेची ती अस्पष्ट वस्तू’ (1977) मोकळे करतो. जन्माने स्पॅनिश असलेल्या बुन्युएलचा हा शेवटचा चित्रपट, पिएर लुईसच्या 1898 मधील कादंबरीवर आधारलेला. सेव्हिलहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीत एक प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थ सहप्रवाशांना आपली प्रेमकहाणी सांगतो, आणि ती सांगण्यापूर्वी तो डब्याच्या दारातून एका तरुणीच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततो. कोंचिता ही तरुणी त्याला कायम आशेवर ठेवते आणि हाती लागत नाही.

कोंचिताची भूमिका दोन नट्या करतात, कारोल बुके आणि आन्हेला मोलिना. पूर्वी निवडलेल्या मारिया श्नायडरने काम सोडल्यावर ही युक्ती निघाली. एकाच प्रसंगात एक नटी दाराआड जाते आणि दुसरी बाहेर येते. गंमत अशी की गृहस्थाला हा बदल एकदाही जाणवत नाही. आपल्या मूळ प्रश्नावर याहून मार्मिक उत्तर असू शकत नाही, कारण ज्या बाईसाठी तो आयुष्य उधळतो आहे तिचा चेहरा बदललेलाही त्याला कळत नाही. दोन नट्यांत ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशी वाटणी शोधण्यात वेळ घालवू नये. तशी पद्धतशीर वाटणी तेथे नाही. जाता जाता, त्या गृहस्थाच्या भूमिकेतील फेर्नांदो रेचा फ्रेंच आवाज मिशेल पिकोलीने दिलेला आहे, म्हणजे पुरुषही येथे दोघांचा मिळून झालेला आहे.

सातवी पायरी : उशिरा आणि सावधपणे पाहायचे चित्रपट

पुढील तीन चित्रपटांची कीर्ती मोठी असल्यामुळे नवे प्रेक्षक बहुधा त्यांच्यापासूनच सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. मिशाएल हानेकेचा ‘ला पियानिस्त’ (2001) व्हिएन्नात घडतो, पण फ्रेंचमध्ये बोलतो. एल्फ्रीडे येलिनेकच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री या मोठ्या पुरस्काराबरोबर अभिनयाची दोन्ही पारितोषिके मिळाली. इझाबेल ह्युपेरची पियानो शिक्षिका आपल्या ध्यासाच्या अटी लेखी कळवते आणि त्या वाचणाऱ्या तरुणाचा चेहरा पाहण्याजोगा होतो. यात स्वतःला केलेली इजा आणि लैंगिक हिंसा आहे. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी संकोच न बाळगता हा चित्रपट वगळावा. आंद्रेई झुवाव्हस्कीचा ‘पझेशन’ (1981) पश्चिम बर्लिनमध्ये, शहर दुभागणाऱ्या भिंतीलगत चित्रित झाला, त्याचे संवाद इंग्रजीत आहेत, आणि घटस्फोटाची कथा म्हणून सुरू होऊन तो भयपटात शिरतो. त्या वर्षी कानमध्ये अद्जानीला अभिनयाचे पारितोषिक मिळाले. अडेलच्या भूमिकेत जे आत दाबलेले होते ते येथे सगळे बाहेर फुटते.

बेनेक्सच्या ‘बेटी ब्लू’विषयी माझे मत बहुसंख्य चाहत्यांपेक्षा कडक आहे. समुद्रकाठच्या लाकडी घरांचे रंग, गाब्रिएल यारेदचे संगीत आणि बेटी झालेल्या बेआत्रीस दालचा झपाटलेला वावर यांची भुरळ पडते हे मान्य. पण बेटीचा मानसिक आजार दिग्दर्शक प्रेमाच्या उत्कटतेचे लक्षण म्हणून सजवतो, आणि तिच्या पडण्यातून प्रियकराला लेखक म्हणून फळ मिळते. अडेलची कथा आधी पाहिलेल्या प्रेक्षकाला हा फरक सहज कळेल, म्हणूनच हा चित्रपट या पायरीवर ठेवला आहे. याच्या दोन आवृत्त्या आहेत. तीन तासांच्या आसपासची दिग्दर्शकाची आवृत्ती अधिक सैल असली तरी बेटीला अधिक जागा देते, त्यामुळे निवड करता येत असेल तर तीच घ्यावी.

आठवी पायरी : एकटीने किंवा एकट्याने चालण्यासाठी

येथवर आलेल्या प्रेक्षकाला दोन दिग्दर्शिकांचे चित्रपट सुचवतो. लेतिसिया कोलोंबानीचा ‘आ ला फोली... पा द्यु तू’ (2002) हलकाफुलका दिसतो, आणि ओद्रे तोतूच्या निरागस चेहऱ्यामुळे तो तसाच राहील असे वाटते. एक फूल, एक विवाहित डॉक्टर, एक प्रेमात पडलेली चित्रकार मुलगी. मध्यावर कथा पुन्हा आरंभाशी येते आणि दुसऱ्या बाजूने दिसू लागते. डॉक्टर क्लेरांबोंच्या त्या रुग्ण स्त्रीची माहिती ज्याने वर वाचली आहे त्याला हा चित्रपट अर्धा उलगडलेलाच आहे, पण दिग्दर्शिका कोणत्या वस्तू पहिल्या भागात चौकटीबाहेर ठेवते, हे दुसऱ्यांदा पाहताना मोजण्यात खरी मजा आहे.

शांताल आकरमान ही बेल्जियन दिग्दर्शिका. तिचा ‘ला काप्तीव्ह’ (2000) फ्रेंच लेखक प्रूस्तच्या महाकादंबरीतील पाचव्या खंडावर आधारलेला आहे. प्रूस्त वाचलेला नसला तरी अडत नाही. श्रीमंत, आजारी सिमोंने आरियानला आपल्या घरात ठेवले आहे. ती त्याच्या सगळ्या प्रश्नांना होकार देते, आणि प्रत्येक होकाराबरोबर ती त्याच्या आवाक्यापासून आणखी थोडी दूर जाते. त्याला खात्री हवी आहे की ती दुसऱ्या स्त्रियांवर प्रेम करते का, केले तर त्या वेळी तिच्या मनात नेमके काय असते, आणि हे कोणत्याही चौकशीतून कळण्यासारखे नाही. चित्रपटात मोठे प्रसंग नाहीत, मोटारीतून केलेले लांब पाठलाग आहेत, बंद दारे आहेत. म्हणून तो थकलेल्या रात्री लावू नये. आरंभी सिमों एका अंधाऱ्या खोलीत समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलींची घरगुती फीत चालवतो, पडद्यावर आरियानचे ओठ हलतात, आवाज नसतो, आणि तो ते शब्द स्वतःच्या तोंडाने जुळवून पाहतो. एवढे दृश्य दोनदा पाहून मगच पुढे जावे.